मॉक लावलेल्या युनिट टेस्ट की खऱ्या डेटाबेसवरच्या इंटिग्रेशन टेस्ट?

नवा प्रोजेक्ट सुरू करताना, किंवा टेस्ट नसलेला जुना कोड गळ्यात पडल्यावर, हा प्रश्न येतोच. वेळ मोजका आहे, तर आधी कुठल्या टेस्ट लिहायच्या? प्रत्येक क्लास वेगळा काढून, त्याच्या आजूबाजूचं सगळं मॉक करून, म्हणजे त्या जागी ठरवून दिलेली उत्तरं देणारे नकली भाग बसवून लिहिलेल्या युनिट टेस्ट, की खरा डेटाबेस उभा करून, एका टोकाने रिक्वेस्ट आत सोडून दुसऱ्या टोकाला काय येतं ते बघणाऱ्या इंटिग्रेशन टेस्ट? दोन्ही हव्यात हे उत्तर बरोबरच आहे, पण रिलीझची तारीख डोक्यावर असताना त्याने काम भागत नाही. मी बरीच वर्षं पहिल्या पद्धतीने काम केलं आणि मग दुसरीकडे वळलो. का वळलो ते सांगतो. तुमचा कोड वेगळ्या जातीचा असेल तर तुमचं उत्तरही वेगळं असू शकेल.

आधी युनिट टेस्टच्या बाजूने बोलतो, कारण त्यांनी मला खूप दिलं आहे. हजारभर टेस्ट काही सेकंदांत संपतात, म्हणून माणूस त्या दिवसातून वीस वेळा चालवतो. टेस्ट फेल झाली की चूक कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते लगेच कळतं. आणि जिथे नुसती आकडेमोड किंवा तारखांचा हिशेब आहे तिथे दुसरं काही लागतच नाही. 29 फेब्रुवारी 2012 ला मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझ्युर क्लाउड सेवा कोलमडली, त्याचं मूळ असंच साधं होतं. एका सर्टिफिकेटची मुदत ठरवताना आजच्या तारखेतलं वर्ष एकने वाढवलं जात होतं. त्या दिवशी उत्तर आलं 29 फेब्रुवारी 2013, आणि ही तारीख कॅलेंडरमध्येच नाही. सर्टिफिकेट तयार होईना. हा बग पकडायला ना डेटाबेस लागतो ना सर्व्हर. आजची तारीख बाहेरून देता येईल असं फंक्शन आणि चार ओळींची टेस्ट एवढं पुरतं.

मॉकचा आणखी एक फायदा मला मान्य आहे. नेटवर्क मध्येच तुटलं, समोरच्या सेवेने तीस सेकंद उत्तरच दिलं नाही, अशा गोष्टी खऱ्या यंत्रणेकडून हव्या तेव्हा घडवून आणणं अवघड असतं. मॉकला ते एका ओळीत सांगता येतं.

मग मला नकोसं कशाने झालं? मॉक सांभाळण्याने.

आमच्या बिलिंगच्या कोडमध्ये एक लांबलचक फंक्शन होतं. मी त्याचे दोन भाग केले. बाहेरून बघणाऱ्याला काहीच बदललं नव्हतं, तीच बिलं, तेच आकडे. पण टेस्टमध्ये लिहिलेलं होतं की रिपॉझिटरीचं (डेटाबेसशी बोलणाऱ्या भागाचं) सेव्ह एकदाच कॉल झालं पाहिजे, अमुक कॉलनंतरच झालं पाहिजे आणि त्याला हेच आर्ग्युमेंट गेलं पाहिजे. चाळीसेक टेस्ट एका झटक्यात लाल, म्हणजे फेल, झाल्या. त्यातल्या एकीनेही खरी चूक दाखवली नव्हती. अर्धा दिवस मॉक नीट करण्यात गेला. पुढच्या रिफॅक्टरिंगला, म्हणजे कोडच्या अशा आतल्या फेरमांडणीला, पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच.

अर्धा दिवस गेल्याचं मला तितकं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते सवयीचं. टेस्ट लाल झाली की कोडकडे न बघता आधी टेस्ट बदलायची, हे आमच्या सगळ्यांच्या हाताला लागून गेलं. रिव्ह्यू करणारेही टेस्टमधले बदल वरवर चाळून मंजूर करायचे, कारण त्यात नेहमी मॉकचीच डागडुजी असायची. लाल रंग दिसल्यावर माणूस थांबत नसेल तर ती टेस्ट असून नसल्यासारखी आहे.

आणि जिथे लाल व्हायला हवं होतं तिथे सगळं हिरवं राहिलं. एका ग्राहकाकडून तक्रार आली की बिलातल्या ओळींची बेरीज खालच्या एकूण रकमेशी जुळत नाही. बघितलं तर तीन ओळी होत्या, प्रत्येकी 33.335. कोडने मेमरीतच बेरीज केली, 100.005, आणि ती डेटाबेसच्या दोन दशांश स्थळांच्या कॉलममध्ये 100.01 म्हणून बसली. ओळी मात्र स्वतंत्रपणे सेव्ह होताना प्रत्येकी 33.34 झाल्या. छापताना त्या डेटाबेसमधून परत वाचल्या जात होत्या आणि त्यांची बेरीज होती 100.02. फरक एका शतांशाचा, पण समोरच्या हिशेबनिसाने बिल परत पाठवलं, आणि त्याचं बरोबर होतं. या कोडला टेस्ट नव्हत्या असं नाही, भरपूर होत्या. पण आमचा मॉक त्याच्याकडे जे ठेवायला दिलं तेच परत द्यायचा. खरा डेटाबेस तसं करत नव्हता, आणि ते मॉकला कळायचा काही मार्गच नव्हता. मॉक लिहिणारा मीच, कोड लिहिणाराही मीच, त्यामुळे माझा गैरसमज दोन्हीकडे सारखाच उतरला होता.

हे घडल्यावर मी एरियन 5 च्या पहिल्या उड्डाणाच्या चौकशीचा अहवाल पुन्हा काढून वाचला. 4 जून 1996 ला ते रॉकेट सुमारे 40 सेकंदांत नष्ट झालं. त्याचं कारण बहुतेकांना ठाऊक असतं: एरियन 4 च्या दिशादर्शक उपकरणातून जसाच्या तसा उचललेला कोड, 64 बिटांची दशांश संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात कोंबण्याचा प्रयत्न, आणि जोडीच्या बॅकअपमध्येही तेच सॉफ्टवेअर असल्याने तोही बंद. पण अहवालातली जी गोष्ट मला जास्त लागली ती वेगळी आहे. संपूर्ण प्रणालीच्या सिम्युलेशनमध्ये ही दिशादर्शक उपकरणं प्रत्यक्ष जोडलेलीच नव्हती. त्यांच्या जागी त्यांच्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं. म्हणजे आपल्या भाषेत, ज्या भागात दोष होता नेमका तोच भाग मॉक केलेला होता.

क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या 19 जुलै 2024 च्या घटनेतही हेच दिसतं. एका टेम्प्लेटच्या व्याख्येत 21 इनपुट होते, आणि पुरवणारा कोड 20 च देत होता. टेस्टमध्ये 21 व्या जागी वाइल्डकार्ड होतं, म्हणजे ‘काहीही चालेल’. त्यामुळे ती जागा कधी वाचली गेलीच नाही. त्या दिवशीच्या फाइलमध्ये तिथे ठोस अट आली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज मशीन बंद पडल्या. मॉक लिहिताना ‘कुठलंही आर्ग्युमेंट चालेल’ असं मी किती वेळा लिहिलं असेल याची मोजदाद नाही.

इंटिग्रेशन टेस्टचा त्रास कमी आहे असं मात्र समजू नका. त्या हळू चालतात. आमचा बिल्ड दोन मिनिटांवरून अकरा मिनिटांवर गेला. पहिले काही महिने टेस्ट कधी पास तर कधी फेल व्हायच्या, आणि शोधल्यावर कळायचं की आधीच्या टेस्टने टेबलात चार ओळी मागे सोडल्या होत्या. प्रत्येक टेस्ट स्वतःच्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक केल्यावर, म्हणजे तिने केलेले बदल पक्के न करता मागे घेतल्यावर, हे बरंचसं थांबलं. पण त्यातही एक मेख आहे: जे कन्स्ट्रेंट (डेटाबेसने घातलेल्या अटी) कमिटच्या, म्हणजे बदल पक्के करण्याच्या, वेळी तपासले जातात ते रोलबॅकमध्ये तपासलेच जात नाहीत. तशा चारदोन टेस्टना खरंच कमिट करू द्यावं आणि नंतर टेबल साफ करावं. टेस्ट फेल झाली की दोष नेमका कुठे आहे ते शोधायलाही जास्त वेळ लागतो, हे कबूल.

वेग वाचवायला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस मेमरीतच चालवून वापरावा असं वाटेल. मीही वापरला. पण त्यात कॉलमला दोन दशांश स्थळं सांगितली तरी तो 33.335 तसंच ठेवून घेतो, आणि दहा अक्षरांच्या कॉलमात शंभर अक्षरंही मुकाट्याने घेतो. प्रॉडक्शनवर जो डेटाबेस असेल तोच, त्याच आवृत्तीचा, डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर वेगळं बंदिस्त चालवणाऱ्या साधनात) उभा करा. नाहीतर एक मॉक काढून त्याच्या जागी दुसरा बसवल्यासारखं होईल.

दोन्हींच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीही आहेत. 1 ऑगस्ट 2012 ला नाइट कॅपिटल या शेअरचे व्यवहार करणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचलाच नाही, आणि सुमारे 45 मिनिटांत कंपनीचं चाळीस कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. ते डिप्लॉयमेंटचं, म्हणजे कोड सर्व्हरवर पोहोचवण्याचं, दुखणं होतं, त्याची तपासणी वेगळी.

तुमचं काम कंपायलर, पार्सर, करांचे नियम, तारखांची गणितं अशा प्रकारचं असेल तर युनिट टेस्टच लिहा, मॉकची गरज फारशी पडणारही नाही. पण बहुतेक कोड इथून घ्या, तिथे ठेवा, परत वाचा असा असेल, तर मी आज पहिली टेस्ट खऱ्या डेटाबेसवरच लिहीन. माझ्या अनुभवात चुका फंक्शनच्या पोटात कमी आणि दोन भागांच्या सांध्यात जास्त सापडल्या आहेत.

आमच्याकडे आता मॉक जवळपास राहिले नाहीत. 29 फेब्रुवारीची टेस्ट अजून युनिट टेस्टच आहे. बिलाच्या सगळ्या टेस्ट डेटाबेसपर्यंत जाऊन परत येतात, आणि त्यातली सर्वांत वरची टेस्ट तीन ओळींची, प्रत्येकी 33.335 ची आहे. मॉक उरलाय तो फक्त पेमेंट गेटवेचा, कारण तो आम्हाला आमच्याकडे उभा करता येत नाही. या मॉकने दिलेलं उत्तर आम्ही गेटवेच्या सँडबॉक्सच्या (त्यांनी चाचणीसाठी दिलेल्या आवृत्तीच्या) उत्तराशी रोज रात्री ताडून बघतो, आणि जुळलं नाही तर सकाळचा बिल्ड अडतो.