रतनवाडी ते रतनगड: जुलै ते एप्रिल, चार फेऱ्यांनंतर

या वाटेची श्रेणी जिथे तिथे ‘मध्यम’ लिहिलेली सापडते. गेल्या जुलैपासून एप्रिलपर्यंत मी चार वेळा ही वाट चालले. डिसेंबरात ती मध्यम आहे. जुलैत अजिबात नाही.

शेंडीहून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठाकाठाने रतनवाडीला पोचायचं. १९२६ साली पुरा झालेल्या विल्सन धरणाचा फुगवटा गावाजवळ संपतो. पुढची वाट या जलाशयात येणाऱ्या प्रवरेच्याच सोबतीने वर जाते, आणि पाण्याचं पात्र पुन्हा पुन्हा ओलांडते. जुलैत मला इथेच अडायला झालं. गावातले मामा सकाळीच म्हणाले होते, “ताई, वर पाऊस धरलाय, पाणी कधी चढंल सांगता येत नाही.” दोनदा ओलांडलं, तिसऱ्यांदा मांडीला पाणी लागलं आणि आम्ही मागे फिरलो. आजही तोच निर्णय घेईन.

सप्टेंबरात माथ्यावर सोनकीचा पिवळा गालिचा होता. त्यासाठी ही वाट शंभरदा चालेन. पण रविवार होता. शेवटच्या कड्याला एकापाठोपाठ लोखंडी शिड्या आहेत, एका वेळी एकच माणूस चढतो किंवा उतरतो. खाली सव्वा तास उभं राहावं लागलं. सहाच्या आत रतनवाडी सोडली तर हा त्रास वाचतो. आणि शिडीवर वरच्याला घाई करू नका, ओल्या पायऱ्यांवरून बूट सटकतात.

बुटांचंही सांगते. जाड तळव्याचे महागडे बूट मी याच वाटेसाठी घेतले होते. शेवाळलेल्या दगडावर ते टिकलेच नाहीत आणि एप्रिलपर्यंत तळव्याचा डिंक सुटला. सोबतच्या मैत्रिणीचे साधे, मऊ रबराचे, दातेरी तळव्याचे बूट चारही फेऱ्यांत दगडाला धरून राहिले. सह्याद्रीत घोट्यापर्यंतच्या उंचीपेक्षा रबराची पकड पाहा.

डिसेंबरातली फेरी सगळ्यांत समाधानाची. रात्री गुहेत मुक्काम केला, रत्नादेवीचं दर्शन घेतलं, पहाटे नेढ्यात जाऊन बसलो. त्या आरपार भोकातून वारा असा घोंघावतो की बोललेलं ऐकू येत नाही. समोर अलंग, मदन, कुलंग आणि पलीकडे कळसूबाई. खाली जलाशयावर धुकं. गड सुमारे १,२९७ मीटर उंच, पण आकड्यापेक्षा तिथे बसून पाहणं वेगळंच. उतरताना त्र्यंबक दरवाजाने साम्रद गावाकडे गेलो. कातळात खोदलेल्या त्या पायऱ्या इतक्या उंच आहेत की गुडघे दुखणाऱ्यांनी आल्या वाटेनेच परतावं. शिवाय गाडी साम्रदला बोलावून ठेवावी लागते.

एप्रिलात तेच पाणी कुठल्या कुठे आटलेलं, फुगवट्याच्या जागी भेगाळलेला गाळ. टाक्यांतलं पाणी तळाला गेलं होतं. माणशी चार लिटर घेऊन चढा आणि रिकाम्या बाटल्या खाली आणा. वर पोचले त्या दर वेळी गुहेत मी पोतंभर प्लास्टिक पाहिलं, मन फार खट्टू होतं.

परतल्यावर रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या देवळाला अर्धा तास तरी द्या. भिंतींवरचं कोरीवकाम बाहेरून सावकाश एक फेरी मारल्याशिवाय दिसत नाही, आणि जवळच्या पुष्करणीतल्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. जेवण मात्र सकाळी निघतानाच गावात सांगून ठेवा: तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा. दुपारी तीनला उतरून मागितलं तर चूल विझलेली असते.