लाइट गेल्यावर मरीन टँक कशावर चालवायचा? घरचा इन्व्हर्टर, वेगळी बॅटरी, पॉवर स्टेशन की जनरेटर

लाइट गेली की मरीन टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, सगळ्यात आधी कमी पडतो तो ऑक्सिजन. २७ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात जेमतेम साडेसहा. मासे, कोरल (प्रवाळ) आणि लाइव्ह रॉक म्हणजे टँकमधल्या सच्छिद्र दगडांतले जिवाणू असे सगळेच त्या साठ्यावर जगतात. रात्री लाइट गेली तर आणखी वाईट, कारण अंधारात कोरल आणि शेवाळही ऑक्सिजन सोडत नाहीत, नुसता घेतात. पाणी हलतं आहे, वरचा थर फुटतो आहे, तोवर हवेतून भर पडत राहते. पाणी थांबलं की माशांची गर्दी असलेल्या टँकमध्ये दोन-तीन तासांतही मासे वर येऊन धापा टाकायला लागू शकतात.

म्हणून बॅकअपचं गणित एका वेव्हमेकरपासून, म्हणजे टँकमधलं पाणी हलतं ठेवणाऱ्या छोट्या पंपापासून, मांडा. २०० लिटरच्या आसपासच्या टँकमध्ये डीसी वेव्हमेकर १०-१५ वॅट खातो, रिटर्न पंप (खालच्या टाकीतलं, म्हणजे सम्पमधलं, पाणी वर टँकमध्ये चढवणारा) ३०-४०, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारा) १०-१५. दिवे बऱ्याचदा १०० वॅटच्या पुढे जातात, पण कोरल एक-दोन दिवस अंधारात सहज काढतात, त्यामुळे ते हिशेबातून काढून टाका. चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, ३०० वॅटच्या घरात. त्याचं वेगळं बोलू.

आपल्याकडे बहुतेक घरांत इन्व्हर्टर असतोच, त्यामुळे पहिला विचार त्याचाच येतो. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज आणि बॅटरी पूर्ण उपसायची नाही हा नियम धरला, तर हाती ११००-१२०० येतात. नुसता टँक, म्हणजे वेव्हमेकर, रिटर्न पंप आणि स्किमर मिळून ६० वॅट लावले, तर अठरा-एकोणीस तास निघतील. पण नुसता टँक कधीच लागत नाही. तीन पंखे, चार ट्यूब, वायफाय आणि मग टँक, असा ३५० वॅटचा भार पडला की तीन-साडेतीन तासांत बॅटरी बसते. मे महिन्यातल्या रात्री घरच्यांना पंखा बंद करा म्हणणं मला पटत नाही, आणि ते कुणी ऐकणारही नाही. पंखे आणि मासे एकाच बॅटरीवर ठेवले की आधी मासेच हरतात. दुसरं म्हणजे इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, म्हणजे मेनसारखी गुळगुळीत लहरीची वीज देणारा, हवा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुरगुरतात, तापतात, कधी सुरूच होत नाहीत. तरीही गुरुवारी दुरुस्तीसाठी तीन-चार तास वीज बंद, एवढाच त्रास असेल आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर घरात असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून टँकजवळ इन्व्हर्टरचं एक सॉकेट काढून घ्या. नवा खर्च जवळपास नाही.

माझं मत मात्र टँकच्या स्वतंत्र बॅटरीकडे झुकतं. डीसी वेव्हमेकरच्या ॲडॉप्टरवर १२ किंवा २४ व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे तो मुळात बॅटरीवर चालण्याजोगाच असतो. मध्ये इन्व्हर्टर घालून डीसीचा एसी आणि एसीचा पुन्हा डीसी करण्यात वीज फुकट घालवायची कशाला? १२.८ व्होल्ट, ३० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली तर साधारण ३८० वॅट-तास होतात आणि त्यातले ३२०-३३० बिनधास्त वापरता येतात. २४ व्होल्टच्या वेव्हमेकरसाठी मध्ये व्होल्टेज वाढवणारा बूस्टर लागेल, त्याची तूट धरूनही १५ वॅटचा वेव्हमेकर अठराएक तास फिरतो. वेग निम्म्यावर आणला तर याच्या कितीतरी पट, कारण पंपाचा वेग निम्मा केला की वीज निम्म्याहून खूपच कमी लागते, आणि वरचा थर हलत ठेवायला तेवढा वेग पुरतो. लाइट गेल्यावर आपोआप बॅटरीवर जाणारं डीसी यूपीएस मॉड्यूल मिळतं. ते बसवा, कारण लाइट हमखास आपण घरी नसताना जाते. जोडणी जमत नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणाऱ्याकडून करून घ्या आणि बॅटरीजवळच फ्यूज टाकायला सांगा.

लहान टँकला याचीच छोटी आवृत्ती चालते. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस १० वॅटचा १२ व्होल्ट पंप दोन-अडीच तास ओढतो. कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ एएचची शिसे-आम्ल बॅटरी त्याच्या दुपटीहून जास्त देते, पण ती वारंवार पूर्ण रिकामी झाली की लवकर मरते. लिथियम फॉस्फेट महाग पडते खरी, पण तिची हजारो आवर्तनं होतात.

बॅटरी कोणतीही असो, टँकखालच्या कपाटात सम्पशेजारी ठेवू नका. जागा रिकामी दिसते म्हणून बरेच जण तिथेच सरकवतात. स्किमरमधून उडणारे बारीक तुषार सुकून टर्मिनलवर मीठ धरतं, खाली तांबं हिरवं पडतं, आणि नेमकी गरज असते तेव्हा करंट पोचत नाही. बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर वर, उघड्या हवेत ठेवा.

पॉवर स्टेशन म्हणजे हीच लिथियम बॅटरी, डब्यात नीट बांधलेली. वायरिंग जमत नाही किंवा भाड्याच्या घरात राहता, त्यांच्यासाठी सोयीचं. तेवढ्याच वॅट-तासांना सुट्या बॅटरीपेक्षा बरेच जास्त पैसे पडतात. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. लाइट जाताच आपोआप बॅटरीवर जातं का, आणि भार अगदी कमी असेल तर ते स्वतःहून बंद होतं का. काही मॉडेलमध्ये वीज वाचवायची सेटिंग चालू असते, तिला १० वॅटचा वेव्हमेकर दिसतच नाही आणि थोड्या वेळाने आउटपुट बंद पडतं. ही सेटिंग बंद करता येत नसेल तर ते टँकच्या कामाचं नाही.

जनरेटरचा विचार शहरातल्या फ्लॅटवाल्यांनी करूच नये. बाल्कनीत पेट्रोलचा जनरेटर लावला तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो आणि तो जीव घेतो. सोसायटीचा जनरेटर बहुतेक ठिकाणी लिफ्ट, जिना आणि पाण्याच्या पंपापुरता असतो, तुमच्या घरात येत नाही. कोकणात मात्र अंगण असलेल्या घराला हाच पर्याय खरा. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. एवढ्या काळाला कुठलीच बॅटरी पुरत नाही. बॅटरी टँकला, आणि जनरेटर दिवसातून काही तास ती बॅटरी भरायला, अशी जोडी ठेवली तर पेट्रोलही कमी जळतं.

सेलवरचा किंवा यूएसबीवर चार्ज होणारा एअर पंप वरीलपैकी काहीही निवडलंत तरी घ्या. किंमत फार नाही. नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर पंप थांबल्यावर खारं पाणी उलटं त्यात शिरतं.

आता चिलर. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांच्या पुढे गेलं की कोरल गळायला लागतात, आणि चिलर तासन् तास ओढणारी बॅटरी घरगुती खर्चात बसत नाही. पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत पाण्यावर लावलेला छोटा डीसी पंखा एक-दोन अंश उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत तेवढा उतार पडत नाही, तिथे फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या सम्पमध्ये आळीपाळीने सोडा. त्यासाठी रिटर्न पंप चालू लागतो, नसेल तर बाटली थेट टँकमध्ये.

मुंबईत वीज सहसा जात नाही, पण १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी ग्रिड कोसळलं तेव्हा काही भागांत संध्याकाळनंतरच ती आली. मुंबईकरांना म्हणून वेव्हमेकरपुरती छोटी लिथियम बॅटरी पुरेशी आहे. पुणे, नाशिक, नागपूरकडे ३० एएच घ्या आणि रिटर्न पंप इन्व्हर्टरवर टाका.

सगळं बसवलं की सुट्टीच्या दिवशी मेन स्विच बंद करून तासभर बघत बसा. वरचं पाणी उतरून सम्प काठोकाठ भरतो का, वेव्हमेकर स्वतःहून बॅटरीवर गेला का, आणि वीज परत आल्यावर स्किमर उसळून कप भरून वाहतो का. तो उसळत असेल तर त्याला पाच-दहा मिनिटं उशिरा चालू होणारा टायमर लावा.