संस्थेचा आराखडा कोणत्या पद्धतीनं करावा? स्वॉट, स्कोअरकार्ड, ओकेआर, होशिन आणि सिनॅरिओ प्लॅनिंग

मार्च एंडिंगची धावपळ संपली की बऱ्याच संस्थांच्या बैठकीत ‘पुढच्या तीन वर्षांचा आराखडा’ हा विषय येतो. कधी बँक मागते, कधी देणगीदार, तर कधी दुसरी पिढी धंद्यात उतरलेली असते आणि तिला नव्यानं घडी बसवायची असते. मग कुणी म्हणतं स्वॉट करू, कुणी ओकेआरचं नाव काढतं, सल्लागार स्कोअरकार्डचं सादरीकरण घेऊन येतो. तीस कामगारांचं वर्कशॉप, पाचशे सभासदांची शेतकरी उत्पादक कंपनी, दहा शाखांची पतसंस्था किंवा चार तालुक्यांत काम करणारी सामाजिक संस्था यांनी यातलं नेमकं काय उचलावं, यासाठी हा आढावा.

माझं मत सुरुवातीलाच मांडून ठेवतो: पद्धत निवडताना आपलं काम कुठं अडतं एवढंच बघायचं. अडण्याच्या जागा ढोबळमानानं तीन. कुठं जायचं हेच ठरत नाही, ही पहिली. वर ठरतं पण खालपर्यंत पोचत नाही, ही दुसरी. आणि ठरतं, पोचतंही, पण बाहेरचा एखादा निर्णय सगळं उधळून लावतो, ही तिसरी. प्रत्येक पद्धत यातल्या एखाद्याच दुखण्यावर नीट लागू पडते. दुखणं एक आणि औषध दुसरं झालं की वर्षभरानं लोक म्हणतात, ‘प्लॅनिंग वगैरे आपल्याकडे चालत नाही.’

स्वॉट सगळ्यांच्या ओळखीचं आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत रुजलेली ही पद्धत: बलस्थानं, उणिवा, संधी, धोके असे चार चौकोन. अर्ध्या दिवसात होतं, खर्च जवळपास शून्य, सगळ्यांना बोलायला मिळतं. अडचण निघालेल्या यादीत असते. ‘अनुभवी कर्मचारी’ हे बलस्थान आणि ‘वाढती स्पर्धा’ हा धोका महाराष्ट्रातल्या कुठल्याही संस्थेच्या तक्त्यावर जसाच्या तसा खपेल. म्हणून स्वॉट करायचंच असेल तर एक अट घाला: प्रत्येक मुद्द्यासमोर त्याचा पुरावा आणि त्यामुळे आपण काय सुरू किंवा बंद करणार, हे लिहायचं. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही तो मुद्दा खोडायचा. एवढं केलं तर चर्चेची सुरुवात म्हणून स्वॉट चांगलं. त्यालाच आराखडा समजू नये.

बॅलन्स्ड स्कोअरकार्ड हे वजनदार प्रकरण आहे. रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये ते मांडलं. फक्त पैशांचे आकडे बघून संस्था चालवली तर काय बिघडलंय ते फार उशिरा कळतं, हा त्यांचा मुद्दा. त्यामुळे आर्थिक बाजू, ग्राहक, आतल्या कार्यपद्धती आणि माणसांचं शिकणं अशा चार अंगांनी मोजमाप करायचं. आपल्याकडचं ठळक उदाहरण टाटा मोटर्सचं. तेव्हा कंपनीचं नाव टेल्को होतं आणि २०००-०१ मध्ये तिला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला होता. त्यातून वर येण्याच्या काळात ट्रक-बस बनवणाऱ्या व्यावसायिक वाहन विभागानं स्कोअरकार्ड वापरलं. अर्थात तोटा भरून निघायला खर्चकपात, नवी मॉडेल्स आणि बाजाराची चढती कमान हीही कारणं होती. सगळं श्रेय तक्त्याला देणं बरोबर होणार नाही.

माझ्या दृष्टीनं स्कोअरकार्ड सगळ्यात चपखल बसतं ते पतसंस्था आणि लहान सहकारी बँकांना. तिथं शाखेचं मोजमाप बहुतेकदा ३१ मार्चच्या ठेवींवर होतं. मग शेवटच्या आठवड्यात ओळखीपाळखीच्या ठेवी आणल्या जातात, आकडा फुगतो आणि एप्रिलमध्ये त्या निघून जातात. वार्षिक सभेत अहवाल देखणा दिसतो, पण शाखा होती तिथंच राहते. आता त्याच शाखेला चार प्रश्न विचारा. बारा महिन्यांची सरासरी ठेव किती? कर्जाचा अर्ज आल्यापासून मंजुरीपर्यंत किती दिवस जातात? पहिला हप्ता थकल्यावर कर्जदाराच्या दारात कुणी कधी गेलं? वसुलीच्या माणसाला तारणाची कागदपत्रं वाचता येतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर थकबाकी पुढच्या वर्षी वाढणार, हे आजच कळतं. हीच या पद्धतीची ताकद. मात्र हे आकडे दरमहा गोळा करणारा माणूस आणि बऱ्यापैकी सॉफ्टवेअर लागतं. ज्या वर्कशॉपमध्ये हिशेब अजून वर्षअखेरीलाच सीएकडे जातो, तिथं स्कोअरकार्ड पहिल्या तीन महिन्यांत बंद पडेल.

ओकेआरची, म्हणजे ‘ऑब्जेक्टिव्ज अँड की रिझल्ट्स’ची, सध्या चलती आहे. अँडी ग्रोव्ह यांनी इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत ते घडवलं. पुढं गुंतवणूकदार झालेले जॉन डोअर ते तिथं शिकले आणि १९९९ मध्ये त्यांनी ते नुकत्याच सुरू झालेल्या गूगलला दिलं. एक उद्दिष्ट आणि त्याखाली तीन-चार मोजता येणारे परिणाम, बहुधा तीन महिन्यांसाठी. १९८० मध्ये मोटोरोलाच्या चिपनं इंटेलला घेरलं तेव्हा इंटेलनं वर्षभरात ग्राहक कंपन्यांच्या २,००० उत्पादनांच्या रचनेत आपली चिप निवडली जाईल असं लक्ष्य ठेवलं आणि ते ओलांडलं. अख्खी कंपनी एकाच आकड्यामागे लावता येते, हे त्यातून दिसलं.

हिंजवडीतल्या वीस-पंचवीस जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीनं बिनदिक्कत ओकेआर घ्यावं. इतरांनी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली पगारवाढीची. ओकेआरमध्ये लक्ष्य मुद्दाम उंच ठेवतात आणि सत्तर टक्के गाठलं तरी चांगलं मानतात. तोच आकडा इन्क्रिमेंटला जोडला की कुणीही शहाणा माणूस सहज गाठता येईल एवढंच लक्ष्य लिहून देतो. दुसरी गोष्ट हंगामाची. द्राक्षाच्या कंपनीला एप्रिल-जून, जुलै-सप्टेंबर असे तिमाहीचे कप्पे काही सांगत नाहीत. तिथं वर्ष खरड छाटणी, ऑक्टोबर छाटणी आणि काढणी असं चालतं. ऑक्टोबरात घेतलेल्या निर्णयाचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतं, तर डिसेंबरअखेरच्या आढाव्यात मोजणार काय? शेतीशी बांधलेल्या संस्थेनं ओकेआर घ्यायचंच तर तिमाही सोडून हंगामावर बांधावं.

आता होशिन कान्री. हे नाव कमी ऐकू येतं, पण कारखानदारीसाठी माझी पहिली पसंती हीच. १९६० च्या दशकात जपानी कंपन्यांमध्ये, ब्रिजस्टोन आणि टोयोटासारख्या ठिकाणी, ही पद्धत आकाराला आली. डेमिंग पारितोषिकासाठी, म्हणजे गुणवत्तेसाठी दिल्या जाणाऱ्या जपानी पारितोषिकासाठी, कंपनी तपासताना वरचं धोरण खाली कसं उतरतं हेही पाहिलं जातं. १९९८ मध्ये हे पारितोषिक सुंदरम-क्लेटननं भारतात पहिल्यांदा आणलं, २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला ते मिळालं. या विभागाचे कारखाने कांदिवली आणि नागपूरलाही आहेत, म्हणजे ही शिस्त आपल्याकडच्या शॉपफ्लोअरला परकी नाही.

पद्धत अशी की मालकानं वर्षाची दोन-तीनच मोठी उद्दिष्टं ठरवायची आणि ती खाली पाठवायची. खालून ती ‘हे जमेल, हे जमणार नाही, हे हवं असेल तर एवढं द्या’ अशा उत्तरासह परत येतात. मग वरून पुन्हा खाली. समजा, भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिनिंग युनिटच्या मालकानं ठरवलं की उशिरा जाणाऱ्या ऑर्डरी निम्म्यावर आणायच्या. सुपरवायझर सांगतो, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) काम चालतं तेवढाच वेळ सेटिंग बदलण्यात जातो, कारण फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारे साचे) तीन ठिकाणी विखुरलेली आहेत आणि टूल शोधायला माणूस स्टोअरमध्ये जातो. ऑपरेटर म्हणतो, पहिला पीस तपासायला क्वालिटीचा माणूस दुसऱ्या शिफ्टला नसतोच. मालकाच्या डोक्यात नवं मशीन होतं. दोन फेऱ्यांनंतर कागदावर येतं ते फिक्श्चरचं रॅक, प्रत्येक जॉबचा टूल-सेट आणि दुसऱ्या शिफ्टला एक इन्स्पेक्टर. नव्या मशीनच्या कर्जाच्या मानानं हा खर्च किरकोळ, आणि करणाऱ्यांनीच सुचवलेलं असल्यामुळे ते होतं.

या पद्धतीची किंमत पैशात कमी आणि स्वभावात जास्त आहे. मालकाला ‘नाही’ ऐकून घ्यावं लागतं, तेही फोरमनकडून, चारचौघांत. पहिल्या वर्षी दोन-तीन महिने या फेऱ्यांतच जातात. जिथं साहेब बोलले की बैठक संपते, तिथं होशिनचे तक्ते भिंतीवर लागतील आणि काम पूर्वीसारखंच चालेल.

सिनॅरिओ प्लॅनिंगवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपल्याकडे त्याची गरज सगळ्यात मोठी आहे आणि वापर सगळ्यात कमी. शेल या तेल कंपनीत पिअर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वापरलं. तेल स्वस्तच राहील असं सगळे धरून चालले असताना, ते महागलं तर आपण काय करू, हा प्रश्न त्यांनी व्यवस्थापकांपुढे ठेवला. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट आलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपासवरून बारा डॉलरच्या घरात गेला. शेलनं तारीख वर्तवली नव्हती. पण त्या परिस्थितीत काय करायचं याचा विचार तिथं आधी झालेला होता.

नाशिक जिल्ह्यातली कांद्याची उत्पादक कंपनी डोळ्यांसमोर आणा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं. ८ डिसेंबरपासून बंदीच. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही हटलं. दोन वर्षांच्या आत सहा वळणं! अशा धंद्यात ‘दरवर्षी निर्यात १५ टक्क्यांनी वाढवू’ असं लिहिलेला पंचवार्षिक आराखडा म्हणजे नुसती इच्छा.

त्याऐवजी दोन गोष्टी घ्या: निर्यात खुली की बंद, आणि पीक जास्त की कमी. चार चित्रं तयार होतात. प्रत्येकात विचारायचं, किती माल घ्यायचा, किती दिवस ठेवायचा, खेळतं भांडवल किती लागेल. इथं कांद्याचा हंगामही मध्ये येतो. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने काढू शकतो, पण वजन घटतं आणि काही माल सडतो किंवा त्याला कोंब येतात. हिवाळ्यात निघणारा लाल कांदा टिकत नाही. म्हणून मे महिन्यातली बंदी थांबून सोसता येते, डिसेंबरातली येत नाही, कारण शेतातून निघालेला माल आठवड्या-दोन आठवड्यांत विकावाच लागतो. तेव्हा लाल कांद्यासाठी देशातले ग्राहक आधीच बांधलेले हवेत आणि उन्हाळ कांद्यासाठी चाळीची क्षमता. चारही चित्रांत उपयोगी पडणारी कामं, जसं ग्रेडिंग आणि चाळ, लगेच सुरू करायची. एकाच चित्रात परवडणारी, जसं फक्त निर्यातीसाठीचं मोठं पॅकहाउस कर्ज काढून बांधणं, ती थांबवून ठेवायची. आणि खुणांवर नजर ठेवायची: दिल्लीतला किरकोळ भाव, नाफेड या सहकारी संस्थेची राखीव साठ्यासाठीची (बफर) खरेदी, खरिपाची लागवड, निवडणुकांचं वेळापत्रक.

हे करायला दोन दिवसांची बैठक, बाजार जाणणारा एखादा व्यापारी आणि मोकळेपणा एवढंच लागतं. उणीव एकच: रोजच्या कामाची शिस्त यातून लागत नाही.

सामाजिक संस्थांनाही मी हेच सुचवेन. देणगीदारासाठी भरावा लागणारा लॉगफ्रेम, म्हणजे उद्दिष्ट-कृती-निष्पत्तीचा तक्ता, एका प्रकल्पापुरता असतो. तीन वर्षांचा प्रकल्प संपला की पुढं काय, हे त्यात नसतं. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थेमार्फत पैसा मिळणाऱ्या गावपातळीवरच्या कित्येक संस्थांचं गणित त्या एका दुरुस्तीनं कोलमडलं. ‘मुख्य देणगीदार उद्या थांबला तर’ हे चित्र विश्वस्तांनी वर्षातून एकदा तरी मांडायलाच हवं.

मग कुणी काय घ्यावं? शंभरपर्यंत कामगारांच्या कारखान्यानं होशिन, तेही फक्त दोन उद्दिष्टांसह. शाखा असलेल्या पतसंस्थेनं स्कोअरकार्ड, पण आठ-दहाच मोजमापं ठेवून. तीस झाली की कुणी बघत नाही. सॉफ्टवेअर आणि सेवा क्षेत्रातल्या तरुण टीमनं ओकेआर. शेतमाल आणि अनुदान यांवर जगणाऱ्यांनी आधी सिनॅरिओ आणि मग त्यातून निघालेल्या कामांसाठी होशिनसारखी वरखाली चर्चा. दोन पद्धती जोडायला हरकत नाही, पण एकाच वर्षी दोन्ही नव्यानं सुरू करू नयेत.

केंद्राच्या दहा हजार एफपीओंच्या, म्हणजे शेतकरी उत्पादक संस्थांच्या, योजनेतल्या कंपन्यांना यात घाई आहे. व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंतची मदत मिळते. त्यातूनच सीईओ आणि अकाउंटंटचा पगार जातो. चौथ्या वर्षी हा पगार कुठल्या व्यवहारातून निघणार, त्यासाठी किती उलाढाल आणि किती मार्जिन लागेल, हा आकडा दुसऱ्या वर्षाच्या सर्वसाधारण सभेतच सभासदांपुढे ठेवा. तो निघत नसेल तर कुठलं काम बंद करायचं हेही तिथंच ठरवा.

बाहेरचा सल्लागार नेमणार असाल, तर त्याच्या फीचा शेवटचा हप्ता आराखडा हातात पडल्यावर देऊ नका. तो सहा महिन्यांनंतरच्या आढावा बैठकीला बांधा. त्या बैठकीला त्यानं हजर राहायचं आणि ठरलेल्यातलं काय झालं, काय झालं नाही, हे संचालकांसमोर वाचायचं, असं करारातच लिहून घ्या.