दही की प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंची) कॅप्सूल?

अँटिबायोटिक सुरू झालं की जुलाबाच्या धास्तीनं हा प्रश्न हमखास पडतो.

खात्री: कॅप्सूलवर जिवाणूचा नेमका वाण (उपप्रकार) लिहिलेला असू शकतो. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब काही ठरावीक वाणांनी कमी होतात, सगळ्यांनी नाही. दह्यात कोणते जिवाणू, किती, हे सांगता येत नाही. प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र नक्की मिळतं.

खर्च: दही स्वस्त.

धोका: दोन्हींनी सुरुवातीला पोट फुगू शकतं. दह्यातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं शोषण अडवतं, म्हणून मध्ये काही तासांचं अंतर हवंच. कॅप्सूलचा धोका विरळा, पण गंभीर: प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्यांच्या रक्तात हेच जंतू शिरू शकतात. अकाली जन्मलेल्या बाळांबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2023 मध्ये इशारा दिला होता.

धडधाकट माणसाला रोजच्यासाठी दही पुरे. अँटिबायोटिकनं वारंवार जुलाब होणाऱ्यांनी डॉक्टरांना वाण विचारून कॅप्सूल घ्यावी. केमोथेरपी चालू असलेल्यांनी स्वतःहून मुळीच घेऊ नये.