ही वायर जाते कुठे?

ऑक्टोबरातल्या एका रविवारी नागपूरला व्हिडिओ कॉल लावून मी बाबांना गाडी दाखवत होतो. गाडी म्हणजे जुलैत घेतलेली सेकंडहँड कोरोला, आणि दाखवण्यासारखी गोष्ट म्हणजे तिच्या पुढच्या जाळीतून लोंबणारी नारिंगी वायर. कॅनडातल्या ओटावात जानेवारीत पारा कधीकधी उणे तीसच्या जवळ जातो, म्हणून रात्री गाडीचा प्लग भिंतीत खोचायचा, म्हणजे आतला हीटर इंजिन गरम ठेवतो, वगैरे मी रंगवून सांगत होतो. बाबा महावितरणातून निवृत्त झालेले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "अन् ही वायर जाते कुठे?"

"इंजिनात."

"पाहिलं का तू?"

"बाबा, इथे तसं नसतं. सगळे मेकॅनिक सर्टिफाइड असतात."

हे वाक्य मला 1650 डॉलरला पडलं.

आम्ही मे महिन्यात इथे आलो. नागपूरच्या माणसाला गाडीची काळजी घ्यायची म्हणजे ती तापू नये हे बघायचं, एवढंच माहीत. कूलंट उन्हाळ्याआधी बघायचं, गाडी सावलीत लावायची, दुपारी स्टिअरिंगवर टॉवेल टाकायचा. थंडीने गाडी बंद पडते हे ऐकून होतो, पण नेमकं काय बंद पडतं, हे सांगता आलं नसतं. सप्टेंबर लागला तसे ऑफिसातले लोक मजेमजेत घाबरवायला लागले. त्यात बायकोची नोकरी नदीपलीकडे गॅटिनोला, म्हणजे क्यूबेक प्रांतात, आणि तिथे हिवाळी टायर सक्तीचे आहेत असं कळलं. माझी पहिली थंडी अजून यायची होती, पण मी आधीच गारठलो होतो.

ओळखीतल्या एकाने एका गॅरेजचा नंबर दिला. मालक हिंदी बोलणारा, वागायला गोड. गेल्या गेल्या चहा. "आप लोग नए आए हो, इसलिए बता रहा हूँ," असं म्हणत त्याने एका व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर हिशेब मांडला: हिवाळी टायर रिमसकट, इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर, नवी बॅटरी, कूलंट बदलून, आणि खालून गंज न लागण्याचं कोटिंग. टायर जवळजवळ नवे, एकच सीझन वापरलेले. आणि पुढे, "मॅडम रोज पूल ओलांडतात ना? टायर नसले तर पहिल्याच दिवशी दंड."

हे शुद्ध खोटं होतं. क्यूबेकची सक्ती 1 डिसेंबर ते 15 मार्च असते आणि ती क्यूबेकमध्ये नोंदणी असलेल्या गाड्यांना लागू आहे. आमची नंबरप्लेट ऑन्टारियोची, म्हणजे ओटावा ज्या प्रांतात आहे त्याची. टायर घालायला हवे होतेच, पण ते बर्फासाठी, दंडाच्या भीतीने नव्हे. मी ते तेव्हा पाच मिनिटं शोधलं असतं तर या माणसाच्या बाकी बोलण्याकडेही जरा तिरक्या नजरेने बघितलं असतं.

मग शेवटचा डाव. "बिल चाहिए तो तेरह परसेंट टॅक्स लगेगा. कॅश दोगे तो जो लिखा है वही." 1650 वर 13 टक्के म्हणजे 214 डॉलर. इथे माझ्यातला मध्यमवर्गीय जागा झाला. बुकिंगचे 400 ई-ट्रान्सफरने पाठवले होते, उरलेले 1250 रोख मोजून दिले आणि 214 वाचवले म्हणून येताना दोघं बाहेर जेवून आलो. फसवणूक त्याने केली, पण पावती न घेण्याचा निर्णय माझा होता, हे लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.

14 ऑक्टोबरला गाडी हातात आली. डिसेंबरभर मी दर गार रात्री इमानेइतबारे प्लग लावत होतो. चारशे वॅटचा हीटर चार तास चालला तर दीड-पावणेदोन युनिट. विजेचं बिल बघितलं तर वाढ काहीच नाही. मी खुश! वीज खात्यातल्या माणसाचा मुलगा मी, आणि फुकट चालणाऱ्या हीटरचं मला कौतुक वाटत होतं.

19 जानेवारीला सकाळी सात वाजता उणे 29 होतं. दार उघडताना रबर कागदासारखं करकरलं. किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले आणि आतून एकदाच 'टक' असा आवाज आला. पुन्हा फिरवली, तेही नाही.

शेजारचे एक वयस्कर गृहस्थ बर्फ काढत होते. मूळचे टिमिन्सचे, म्हणजे इथून आणखी उत्तरेचे, जिथे लोक ओटावाच्या थंडीला हसतात. त्यांनी विचारलं, प्लग लावला होता का? म्हटलं, रात्रभर. त्यांनी बोनेट उघडून हातमोजा काढला, इंजिनाच्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि लगेच काढून घेतली. मग घरातून मल्टिमीटर घेऊन आले आणि प्लगच्या दोन पिनांना त्याची टोकं लावली. चारशे वॅटचा धड हीटर असेल तर इथल्या 120 व्होल्टला साधारण 36 ओहम दिसायला हवेत. मीटरवर काहीच नाही. सर्किट उघडं, म्हणजे कुठेतरी तुटलेलं.

"हीटर जळला असेल," मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. त्यांनी जाळीतून बाहेर आलेली वायर मुठीत धरली आणि हलकेच ओढली. ती येत गेली. हातभर वायर बाहेर आली, मग तिचं दुसरं टोक आलं. सरळ कापलेलं, त्यावर काळी टेप गुंडाळलेली. बंपरच्या मागे प्लास्टिकच्या पट्टीने बांधून ठेवलं होतं, ती पट्टी थंडीने कडक होऊन तुटली होती. इंजिनाला हीटर नव्हताच. इतके दिवस मी एका तुकड्याला वीज देत होतो.

ते बर्फ काढायचं सोडून माझ्याबरोबर थांबले. एकेक गोष्ट बघू म्हणाले. मला तर बघायचीही इच्छा उरली नव्हती.

बॅटरीवर 'नवी' असं दाखवणारा महिना-वर्षाचा स्टिकर होता. नखाने कोपरा उचलला तर खाली दुसरा स्टिकर, सहा वर्षांपूर्वीचा. इथे बॅटरी घेताना कोल्ड क्रँकिंग अँप्स नावाचा आकडा बघतात: उणे 18 ला ती 30 सेकंद किती करंट देऊ शकते. म्हातारी बॅटरी जुलैत व्यवस्थित चालते, ऑक्टोबरातही चालते. उणे 29 ला तिची ताकद निम्म्याहून खाली आलेली असते आणि इंजिनातलं ऑइल नेमकं तेव्हाच घट्ट होऊन जास्त जोर मागतं.

कूलंटसाठी त्यांच्याकडे एक छोटी पिचकारी होती, आत काटा असलेली. कूलंट ओढून घेतलं की काटा सांगतो कितीपर्यंत गोठणार नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकोल (गोठू न देणारं रसायन) असेल तर उणे 37 पर्यंत चिंता नसते. आमचा काटा उणे 18 वर थांबला. टाकीत कूलंट घट्टसर झालं होतं, बर्फाच्या गोळ्यातला चुरा असतो तसं. म्हणजे 'बदललं' म्हणताना त्याने काढलं थोडं आणि भरलं नळाचं पाणी. पाणी गोठताना फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. आमचं चुऱ्यावर निभावलं.

टायरवरून मी थोडा वाद घातला, कारण त्यावर 'एम+एस' लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. चिखल आणि बर्फ. तसं ते बहुतेक ऑल-सीझन टायरवर असतंच. खऱ्या हिवाळी टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चित्र असतं. 2014 च्या हिवाळ्यापासून क्यूबेकमध्ये हे चित्र नसेल तर टायर हिवाळी धरत नाहीत. आमच्या चारही टायरांवर डोंगर नव्हता. मग त्यांनी मला वाकायला लावून बाजूवरची 'डॉट'ची अक्षरं दाखवली. शेवटचे चार आकडे: 4713. दोन हजार तेराचा सत्तेचाळिसावा आठवडा. एका सीझनचे टायर, म्हणे! ऑल-सीझनचं रबर साधारण 7 अंशांखाली कडक व्हायला लागतं, आणि या जुनाट टायरांवर बायको रोज नदीवरच्या पुलावरून ये-जा करत होती. पैशाचं नंतर सुचलं. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त तो पूल होता.

(कोटिंगचं एप्रिलमध्ये कळलं. आहे त्या गंजावरच काळं डांबरासारखं फासलं होतं आणि दारांखालची पाणी निघायची भोकं बुजवली होती. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं पाणी आतच साचत राहिलं.)

त्याच दुपारी गॅरेजमध्ये गेलो. चहा नव्हता. "नब्बे दिन की वॉरंटी थी. बारह तारीख को खतम." मी बोटांवर मोजलं, बरोबर होतं. त्याने मला विकलेली प्रत्येक वस्तू अशी होती की तिचं खरं-खोटं कडाक्याच्या थंडीतच कळावं, आणि कडाका येईतो त्याचे नव्वद दिवस भरलेले असावेत. "और बिल है आपके पास?"

रात्री बाबांना फोन केला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "पावती नाही तर नाही, काहीतरी कागद असंल ना," एवढंच म्हणाले. तेव्हा ई-ट्रान्सफर आठवला. पाठवताना निरोपाच्या चौकटीत मी सवयीने लिहिलं होतं: टायर, हीटर, नवी बॅटरी, कूलंट, कोटिंग, बुकिंग. शिवाय कार्डाचा फोटो बायकोला पाठवलेला होता.

ऑन्टारियोच्या ग्राहक संरक्षण कायद्यात गाडीदुरुस्तीचं वेगळं प्रकरणच आहे. लेखी अंदाजपत्रक द्यावं लागतं, बिल त्याच्या दहा टक्क्यांपलीकडे जाता कामा नये, काढलेले जुने पार्ट परत द्यायला हवेत. मी माझी जुनी बॅटरी मागितली असती तर तिथेच उलगडा झाला असता, कारण ती गाडीतच होती. नव्वद दिवसांची, किंवा 5000 किलोमीटरची, वॉरंटी याच कायद्यातली. पण खोटं सांगून व्यवहार केला असेल तर तो रद्द करायला ग्राहकाला एक वर्ष मिळतं, हे कलम त्याने सांगितलं नव्हतं. मी ते ईमेलमध्ये लिहिलं, वायरच्या कापलेल्या टोकाचा आणि 4713 चा फोटो जोडला, आणि प्रांताच्या ग्राहक खात्याकडे तक्रार टाकतोय असं कळवलं.

नऊ दिवसांनी 400 डॉलर परत आले. निरोपाची चौकट रिकामी. 1250 रोख दिल्याचं तो साफ नाकारतो, आणि मोजताना बघणारं तिथे कोणीच नव्हतं.

नवे टायर रिमसकट, बॅटरी, खराखुरा हीटर आणि कूलंट, दुसऱ्या गॅरेजमध्ये 1580 झाले. टॅक्ससकट 1785. पावती दोन पानी आहे. जुनी बॅटरी त्यांनी खोक्यात घालून दाखवली. हीटर बसवून झाल्यावर मी त्यांना तिथेच प्लग लावायला सांगितला आणि वीस मिनिटं बोनेटपाशी उभा राहिलो. आधी नुसतं कोमट लागलं, मग बारीक सूं असा आवाज यायला लागला. तो मी बाबांना फोनवर ऐकवला.

मागच्या आठवड्यात किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये एक जुनी सिव्हिक दिसली. काचेवर बालाजीचा फोटो, जाळीतून नारिंगी प्लग. मला राहवलं नाही. आजूबाजूला बघून वाकलो आणि वायर हलकेच ओढली. पक्की होती. मागून कोणीतरी हिंदीत ओरडलं, "ए भाईसाहब, क्या कर रहे हो?"