‘क्षीरसागर अनग’: घरच्या इंटरनेट फोनवर कॉलर आयडी लावला, त्याचे आठ महिने

सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला येणार म्हटल्यावर घरात फोन घ्यायचं ठरलं. बाबा मोबाइल कुठेतरी ठेवून विसरतात, आणि आईंना तो उचलताना हिरवं बटण दाबायचं की सरकवायचं, हे अजून पटलेलं नाही. केबल कंपनीची लाइन महाग पडत होती. म्हणून ७३२चा, म्हणजे आमच्या भागाच्या एरिया कोडचा, नंबर भाड्याने देणारी एक इंटरनेट फोन सेवा घेतली, साधा फोन इंटरनेटला जोडणारा ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०१ हा तळहाताएवढा अडॅप्टर आणला आणि त्याला साधा बटणांचा फोन जोडला. नंबरचं भाडं, ९११ या आणीबाणीच्या नंबरचा आकार, मिनिटांचे पैसे सगळं धरून महिन्याला पाच-सहा डॉलर. आवाज पहिल्या दिवसापासून छान. पण फोन आपल्याकडून आलाय हे समोरच्याला कळावं, एवढ्यासाठी मला दोन महिने लागले. सेवेचं नाव घेत नाही, कारण निम्मा घोळ माझाच होता.

पहिला घोळ नंबरचा. सेवेच्या वेबसाइटवर मुख्य खात्यात कॉलर आयडीचा, म्हणजे समोरच्याला दिसणाऱ्या नंबरचा, रकाना होता, तिथे नंबर भरला. तरी डॉक्टरांकडे फोन केला की पलीकडची बाई म्हणे, ‘नंबर दिसत नाहीये.’ दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी लक्षात आलं की अडॅप्टर मुख्य खात्यावर नाही, पोटखात्यावर लॉगिन होता, आणि पोटखात्याचा कॉलर आयडी वेगळा असतो. तिथे ‘अडॅप्टर जे पाठवेल ते’ असा पर्याय आपसूक निवडलेला, आणि अडॅप्टर पाठवत होता खात्याचा युजर आयडी! तो काही फोन नंबर नव्हे, मग दिसणार काय? पोटखात्यात नंबर घातला, तोही मध्ये आडव्या रेघा न देता सलग दहा आकडी. आधी मी रेघांसकट चिकटवला होता. वेबसाइटने निमूट घेतला आणि मग काहीच केलं नाही. (अडॅप्टरचं सेटिंगचं पान उघडायला त्याचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा क्रमांक, लागतो. फोन उचलून तीनदा स्टार आणि मग ०२ दाबलं की तो स्वतःच वाचून दाखवतो. मला हे फार आवडलं.)

दुसरा घोळ नवऱ्याच्या डोक्यातून निघाला. ‘घरच्या फोनवरून माझाच मोबाइल नंबर दिसू दे, लोक ओळखतात.’ सेवा तशी परवानगी देते, मोबाइलवर कोड पाठवून नंबर आपलाच आहे याची खात्री करून घेते. कायद्यालाही हरकत नाही. कॉलर आयडीचा अमेरिकी कायदा फसवण्याच्या किंवा नुकसान करण्याच्या हेतूने खोटा नंबर दाखवण्यावर आहे, दंड एका गुन्ह्याला दहा हजार डॉलरपर्यंत. पण आमच्या ओळखीच्या एकाच्या मोबाइलवर नवऱ्याच्या नावाऐवजी स्पॅमची शंका झळकली. याचं एक कारण सहीचं असू शकतं. ३० जून २०२१पासून इथल्या मोठ्या कंपन्यांना इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यातून जाणाऱ्या कॉलवर डिजिटल सही करावी लागते, आणि सहीला ए, बी, सी अशा पायऱ्या आहेत. ए म्हणजे कंपनी सांगते, ‘हा ग्राहकही आमच्या ओळखीचा, नंबर वापरायचा त्याचा हक्कही आम्हाला माहीत.’ दुसऱ्या कंपनीचा मोबाइल नंबर घातला की बऱ्याचदा बीवर येतं: ग्राहक माहीत, नंबरची हमी नाही. शिवाय औषधाच्या दुकानाने बाबांना उलट फोन केला तो गेला नवऱ्याला, मीटिंगमध्ये. बाबा घरी फोनशेजारी दीड तास बसून. चार दिवसांत तो प्रयोग मी बंद केला. जो नंबर भाड्याने घेतलाय तोच दाखवा, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

९११साठीही तेच सोयीचं. घराचा पत्ता त्या नंबरावर नोंदवलेला असतो. आमच्या सेवेत ९३३ फिरवलं की नोंदलेला पत्ता वाचून दाखवतात. नंबर बदलला, खातं बदललं, की मी आधी ९३३ लावते. राउटर आणि अडॅप्टर छोट्या यूपीएसवर ठेवलेत, वीज गेली की हा फोनही जातो म्हणून.

आता नावाचं. मला वाटायचं, अडॅप्टरच्या पानावर ‘नेम’चा रकाना आहे, तिथे नाव लिहिलं की झालं. कॅनडात साधारण तसंच चालतं, नाव कॉलबरोबर जातं. अमेरिकेत कॉलबरोबर नुसता नंबर जातो. नाव शोधायचं काम ज्याला फोन लागतो त्याच्या कंपनीचं. ती एका डेटाबेसला विचारते आणि आलेलं उत्तर काही काळ आपल्याकडे साठवूनही ठेवते. तुम्ही फक्त डेटाबेसात नोंद बदलायला सांगायची, आणि तीही स्पेस धरून १५ अक्षरांत. आमचं आडनाव क्षीरसागर. इंग्रजीत लिहिलं की तेच दहा अक्षरं खातं, एक स्पेस, उरली चार. मी ‘अनघा’ भरलं, छापून आलं ‘अनग’. मग नुसतं आडनाव ठेवलं.

त्याआधीची गंमत वेगळीच. नंबर आम्हाला नवा असला तरी तो जुनाच, कुणीतरी सोडलेला. शेजारच्या देशपांडे काकूंकडे अजून केबलची लाइन आहे. आमचा पहिला फोन गेला तेव्हा त्यांनी ‘आम्ही नळवाल्याला बोलावलं नाही’ म्हणून ठेवून दिला. त्यांच्या फोनवर एका प्लंबिंगच्या दुकानाचं नाव दिसत होतं! नोंद बदलायची विनंती केल्यावर सेवेने दोन-तीन दिवस सांगितले. मुलीच्या शाळेच्या फोनवर आठवड्यात बदललं. मोबाइलवाल्यांचं म्हणाल तर बहुतेकांना नाव दिसतच नाही, नंबर आणि फार तर न्यू जर्सी.

सांगलीला फोन करण्याचं गणित निराळं. सेवेत भारतासाठी स्वस्त आणि महाग असे दोन मार्ग आहेत. स्वस्त मार्गाने नणंदेच्या मोबाइलवर एकदा ‘अननोन’ आलं, एकदा कुठल्याशा तिसऱ्याच देशाचा नंबर. साहजिकच तिने उचलला नाही. महाग मार्ग निवडल्यापासून अधिक एक ७३२ नीट दिसतं. बाबांची सूचना होती की सांगलीचाच नंबर दिसू दे. ते आता विसरायचं. परदेशातून भारतीय नंबर लावून येणारे कॉल अडवणारी यंत्रणा भारताच्या दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू केली आहे.

एक चूक मात्र निव्वळ माझी. नंबर लपवायला स्टार ६७, एका कॉलपुरतं, हे माहीत होतं. कोडांची यादी चाळताना स्टार ३० करून पाहिलं. तो या अडॅप्टरवर पुढच्या सगळ्याच कॉलना लागतो. दोन दिवस आम्ही ‘अनामिक’ होतो. दंतवैद्याकडे तर अनामिक कॉल घंटाच वाजू देत नाहीत. स्टार ३१ने सुटलं.

आई-बाबा परत सांगलीला गेले, फोन ठेवलाच. देशपांडे काकूंकडे परवा हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला फोन केला. अजून नळवालाच दिसतो, पण काकू आता उचलून म्हणतात, ‘बोल गं अनघा.’