तांब्याचे पाइप की प्लास्टिकचे?

इंग्लंडात लेस्टरला मावसभावाने जुनं घर घेतलंय. नवा कॉम्बी बॉयलर बसणार, म्हणजे घर गरम ठेवणं नि नळाला गरम पाणी देणं ही दोन्ही कामं एकाच यंत्रात; गरम पाण्याच्या टाकीची कटकट गेली. पण रेडिएटरपर्यंत, म्हणजे खोली गरम करणाऱ्या भिंतीवरच्या पट्ट्यांपर्यंत, पाइप कसले टाकायचे, यावर घोडं अडलंय. त्याला माझं सांगणं असं.

मेहनतीत प्लास्टिक सरळ जिंकतं. गुंडाळी सोडायची आणि तुळयांच्या भोकांतून नाडीसारखी ओवत न्यायची. तांब्याला जागोजागी सांधे, त्यात जमिनीच्या फळ्यांखाली लाकडाला खेटून डाग द्यायला पेटता टॉर्च! मजुरी वाढते ती इथेच.

आतला व्यास मात्र बघ. बाहेरून १५ मिमीच्या तांब्याच्या पाइपात पाण्याला साधारण १३.६ मिमी वाट मिळते. प्लास्टिकची भिंत जाड, त्यामुळे वाट अरुंद. मुख्य लाइन २२ मिमीचीच ठेव. आणि प्लास्टिक घेशील तर बॅरियर पाइपच, म्हणजे ऑक्सिजन अडवणारा थर असलेला. साध्यातून ऑक्सिजन झिरपतो नि रेडिएटर आतून गंजतात. कापलेल्या टोकात इन्सर्ट (आतून आधार देणारी छोटी नळी) घालायला विसरलास की सांधा गळालाच समज. उंदीरही कुरतडतात, जुन्या घरात हे हसण्यावारी नेऊ नकोस.

फळ्यांखालचा लांब पल्ला असेल तर प्लास्टिक. भिंतीवर उघडा दिसणारा भाग आणि बॉयलरपासूनचा पहिला मीटर मात्र तांब्याचाच. गरम झालं की प्लास्टिक झोळीसारखं लोंबतं.